सरळ जाणाऱ्याला दिवा नसतो

उद्यमनगरात, लेथच्या दुकानांमागच्या बोळात,
दस्तगीर मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी
एक फ्लॅशर फोडून दाखवला.
पक्कडीनं पत्रा उचकटला, म्हणाले, बघ,
ह्यात घड्याळ न्हाई, काय न्हाई.
दोन धातूंची एक पट्टी हाय, पाठीला पाठ लावून.
करंट गेला की तापती,
एक जास्त वाढती, दुसरी कमी,
मग दोघी मिळून वाकत्यात.
वाकल्या की जोड सुटला. अंधार.
गार झाल्या की परत सरळ. उजेड.
"जावाजावा हायत," म्हणाले, "एका चुलीवरच्या."

खात्री करायला मी दुसरा फोडला.
तो चांगला होता.
पंचेचाळीस रुपये पगारातून गेले.

गिऱ्हाइकं आधी माझ्या हातांकडं बघायची,
मग मिस्त्रींकडं,
मग चावी टेबलावर ठेवायची, माझ्या हातात नाही.

मिस्त्रींचे कान शेजारच्या पॉवर हॅमरनं
बत्तीस वर्षांत खाल्ले होते.
टिकटिक ते बोटानं ऐकायचे.
डॅशखाली हात घालून रिलेवर करंगळी टेकायची
आणि डोळे मिटून: "मागचा डावा गेलाय."
जाऊन बघावं, तर गेलेलाच.

एक बल्ब मेला की नव्या गाडीत
उरलेला घाईघाईनं मिचकावत सुटतो.
जुन्या गाडीत पट्टीला पुरेसा ताप मिळत नाही,
दिवा लागतो आणि नुसता लागून राहतो.
मयताच्या घरात दोन्ही तऱ्हेची माणसं असतात.

दसरा चौकात लोक चारी दिवे लावून येतात,
सरळ जायचंय म्हणून.
मिस्त्री खिडकीतून डोकं काढून ओरडायचे,
"सरळ जाणाऱ्याला दिवा नसतो, ए शहाण्या!
वळणाऱ्यानं सांगावं, अडलेल्यानं सांगावं.
तू गप जा की!"

चारी दिव्यांची वायर चावीला विचारत नाही.
थेट बॅटरीवरून येते, मध्ये फक्त एक फ्यूज.
इंजिन बंद असो, चावी खिशात असो,
खिसा असलेला माणूस शुद्धीवर नसो,
लाल त्रिकोण दाबला
की डावं-उजवं असा भेद उरत नाही.

हे मी दुकानात पाठ केलं होतं.
समजलं साळवणच्या पुढं, गगनबावडा रस्त्यावर,
मार्गशीर्षातल्या धुक्यात,
उसाच्या ट्रॉलीचा कणा मोडून पडला होता तिथं.
ट्रॉलीला मागं एक दिवा नाही, एक चमकी नाही.
ड्रायव्हर, अंकुश का काय नाव होतं,
मोबाईलची बॅटरी हलवत रस्त्यात उभा.
कणा आमच्यानं होणारा नव्हता.
मिस्त्रींनी आमची ओम्नी ट्रॉलीमागं पन्नास पावलांवर लावली,
त्रिकोण दाबला, चावी काढली, कानटोपी घातली.

मी म्हटलं, बॅटरी उतरेल.
त्यांनी काचेवरच्या दवात बोटानं हिशेब मांडला:
चार बल्ब, एकवीस वॅटचे, म्हणजे सात अँपियर.
मग खाली रेघ ओढून निम्मं केलं.
"अर्धा वेळ अंधारच असतोय की.
म्हणून रात पुरती."

रात्रभर पिवळं धुकं, काळं धुकं, पिवळं धुकं.
नऊ गाड्या आल्या, नऊही वळसा घालून गेल्या.
मिस्त्री घोरत होते
आणि करंगळी रिलेवर होती.

उजाडता उजाडता टिकटिक मंदावली.
स्टार्टर नुसता कण्हला.
मग अंकुश, त्याचा मेव्हणा आणि मी
उतारावर ढकलली ओम्नी,
मागच्या सीटवर त्यांनी टाकलेला उसाचा भारा धरून.
तिसऱ्या धक्क्याला घेतलं इंजिननं.

पुढं वळायला जागा होती.
कोल्हापूरकडं तोंड करायच्या आधी
मिस्त्रींनी उजवा इंडिकेटर दिला.
मागं रस्ता मोकळा, पुढं मोकळा, पाखरू नाही.
कुणासाठी, मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही.